परीक्षा दलालाची, नापास कास्तकार



गेल्या काही महिन्यांत तालुक्याच्या बैठकांतून एक प्रश्न सारखा येतो आहे. प्रश्न विचारणारी पोरे पंचविशी-तिशीतली, शिकलेली, कपाशीच्या हिशेबाला कंटाळलेली. ती विचारतात, "साहेब, रेराची परीक्षा देऊन जमिनीचा एजंट व्हावे का?" त्यांच्या शेजारी बसलेले बाप वेगळेच विचारतात, "शहरात फ्लॅट विकणाऱ्या दलालाला परीक्षा आहे, तर आपले वावर विकणाऱ्या दलालाला परवाना का नको?" बापांचा प्रश्न जास्त गंभीर आहे. त्याचे सोपे उत्तर द्यायला पुढारी तयारच बसले आहेत, म्हणून त्याला आधी हात घालतो.

कायदा काय आहे ते पाहू. स्थावर संपदा कायदा संसदेने २०१६ साली केला, १ मे २०१७ पासून तो पुरता लागू झाला आणि महाराष्ट्रात महारेरा नावाचे प्राधिकरण बसले. या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणी केल्याशिवाय कोणाला रेरात नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून देता येत नाही. व्यक्तीला दहा हजार रुपये फी, पाच वर्षांची मुदत. विनानोंदणी धंदा केला तर दिवसाला दहा हजार दंड, तो वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने त्यावर आणखी एक पायरी चढवली. नुसती फी भरून चालणार नाही, आधी प्रशिक्षण घ्या, परीक्षा द्या, सक्षमता प्रमाणपत्र मिळवा. जुन्या एजंटांनाही यातून सूट नव्हती. ज्यांनी प्रमाणपत्र घेतले नाही अशा हजारो एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली.

आता या कायद्यातली मेख. त्यात 'एजंट' म्हणजे प्रकल्पातला प्लॉट, फ्लॅट किंवा इमारत विकून देणारा. वावर त्यात नाही. सात-बारावरची जिराईत जमीन, तिच्यातली विहीर, बांधावरचे बाभळीचे झाड, यातले काहीच त्यात नाही. तुमची चार एकर काळी माती तुमच्याकडून काढून घेईपर्यंत जो माणूस मधे उभा असतो, त्याला परीक्षा नाही, नोंदणी नाही, फी नाही, दंड नाही. सौदा झाला, जमीन बिनशेती झाली, पांढरे दगड रोवले गेले, ले-आउट पडला, की त्याच मातीवर कायद्याचे छप्पर येते. पाचशे चौरस मीटरच्या वरचा ले-आउट असेल तर नोंदणी करावी लागते. प्लॉट घेणाऱ्याकडून नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. जाहिरातीत खोटे सांगितले तर भरपाई, ताबा वेळेवर दिला नाही तर व्याजासह पैसे परत, आणि तक्रार करायला प्राधिकरण.

माती तीच. पेरणारा विकतो तेव्हा जंगलचा कायदा, आणि तीच माती गुंठ्यावर मापून नोकरदार विकत घेतो तेव्हा रामराज्य! इंडिया आणि भारत यांच्यामधली सीमा कुठे आहे असे कोणी विचारले तर त्याला ले-आउटचा पहिला दगड दाखवावा.

यावर पुढारी म्हणतील, "बरोबर आहे, आम्ही विधानसभेत प्रश्न लावतो, वावराच्या दलालांनाही परवाना सक्तीचा करतो." टाळ्या पडतील. मी म्हणतो, टाळ्या वाजवू नका. परवान्याचा अनुभव आपल्याइतका दुसऱ्या कोणाला नाही.

अडत्याला परवाना कधीपासून आहे? महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. अडत्या परवान्याचा, व्यापारी परवान्याचा, मापारी परवान्याचा, हमाल परवान्याचा. एकट्या शेतकऱ्याला परवाना नव्हता, आणि कापला तोच गेला. परवान्याने अडत्या सरळ झाला नाही, त्याची जागा पक्की झाली. नवा माणूस आवारात येऊन दोन रुपये जास्त देतो म्हणाला तर त्याला फाटकाबाहेर ठेवायला परवाना कामी आला. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची, हे ठरायला २०१६ साल उजाडावे लागले. म्हणजे त्रेपन्न वर्षे.

कापसाचे तर विचारूच नका. १९७२ पासून सुमारे तीन दशके एकाधिकार खरेदी होती. सरकार हाच एकटा परवानाधारक खरेदीदार. बैलगाडी केंद्रावर तीन-तीन दिवस उभी, ग्रेडरने बोटाच्या चिमटीत कापूस धरायचा आणि वर्षाच्या मेहनतीची प्रत ठरवायची. पलीकडे आदिलाबादेत चार पैसे जास्त मिळतात म्हणून कापूस नेला, तर स्वतःच्याच मालाचा चोर! ग्रेडरकडे शिक्का होता, कागद होता, सरकारी पगार होता. त्याच्यापेक्षा जास्त परवाना असलेला माणूस कोणी असू शकतो का?

आता माझ्या स्वतःच्या विषयातले सांगतो. कीटकनाशकाच्या दुकानाला परवाना लागतो आणि परवान्यासाठी शेतकीची पदवी, पदविका किंवा ठरावीक प्रशिक्षण लागते. नियम वाचायला छान आहे. प्रत्यक्षात काय होते ते कृषी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या कोणालाही विचारा. पदवी भिंतीवर टांगलेली असते, पदवीधर दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला असतो आणि गल्ल्यावर भलताच माणूस बसलेला असतो. पदवी वर्षाच्या भाड्याने जाते. माझ्याबरोबर शिकलेल्यांची प्रमाणपत्रे अशी टांगलेली मी पाहिली आहेत. २०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले. परवान्याची दुकाने तेव्हाही गावोगावी होती. कोणते औषध कशात मिसळू नये, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली असताना फवारा कसा मारू नये, तोंडाला काय बांधावे, हे सांगायला भिंतीवरचा कागद खाली उतरला नाही. आणि उलटे पाहा. ज्या तणनाशक-सहनशील कपाशीला सरकारचा परवानाच नाही, तिचे बियाणे कास्तकार विश्वासाने लावतो. त्यासाठी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी उघड सत्याग्रह केला. त्या बियाण्यात फसवणूक होत नाही असे मी म्हणणार नाही. पाकिटाला पावती नसते, मग दाद मागायची कुठे? एवढेच सांगतो की कास्तकाराचा विश्वास आणि सरकारचा परवाना या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

तेव्हा वावराच्या दलालाला परवाना दिला तर काय होईल? तालुक्याला पाच-दहा परवाने निघतील. ते कोणाला मिळतील हे तुम्ही आत्ताच नावानिशी सांगू शकता. एकाचा मामा बाजार समितीत असेल, दुसरा माजी सभापतीचा भाचा, तिसरा सेवानिवृत्त महसूल कर्मचारी. शेजारच्या गावातला साधा माणूस, जो आज एक टक्क्यावर गिऱ्हाईक आणून देतो आणि चहा पिऊन जातो, तो बेकायदा ठरेल. दलालीचा दर वाढेल. फसवणारा फसवतच राहील, फक्त त्याच्या गाडीच्या काचेवर 'शासनमान्य' असे चिकटलेले असेल.

दलाल म्हणजे पाप, असे मी मानत नाही. गिऱ्हाईक शोधणे हे काम आहे, त्याची मजुरी आहे. व्यापाऱ्याला शिव्या देऊन शेतकरी मोठा होत नाही, हे आपण चाळीस वर्षे बोलत आलो. भांडण दलालीशी नाही, दलालीच्या नावाने जे चालते त्याच्याशी आहे. ते नीट समजून घ्या, कारण तिथेच वावर जाते.

समजा, रस्त्यालगत तुमचे चार एकर आहे. मुलीचे लग्न, सोसायटीचे थकीत, विहीर कोरडी. दलाल येतो, बारा लाख एकर म्हणतो. सौदा अठ्ठेचाळीस लाखांचा. दोन लाख इसार तो स्वतःच देतो, पाचशेच्या स्टॅम्पवर इसारपावती होते. तिच्यात दोन ओळी असतात. पहिली: खरेदी 'लिहून घेणार किंवा ते सांगतील त्या इसमाच्या नावे' करून द्यायची. दुसरी: मुदत सहा महिने, पण ती 'मोजणी होऊन सर्व कागदपत्रे पूर्ण झाल्यापासून'. तुम्हाला वाटते जमीन विकली. तसे काही झालेले नसते. तुम्ही दोन लाखांत तुमचे वावर त्याला विक्रीसाठी बांधून दिलेले असते. आता तो सतरा लाख एकराने गिऱ्हाईक शोधतो. सापडले तर अडुसष्ट लाख, मधले वीस लाख त्याचे, आणि वर दोन्हीकडून दलाली मागायला तो मोकळा. नाही सापडले तर मोजणी झालेली नाही, फेरफारात चूक आहे, बहिणींची सही राहिली आहे. सहा महिन्यांची दोन वर्षे होतात. तुम्ही कंटाळून दुसऱ्याला विकायला निघालात, की पेपरात जाहीर नोटीस आणि दिवाणी दावा!

इथे कायदा काय म्हणतो ते कान देऊन ऐका. इसारपावती नोंदणीकृत नसली तरी करार पुरा करून घेण्याच्या दाव्यात ती पुरावा म्हणून चालते. म्हणजे 'साधा तर कागद आहे' असे म्हणून सही करू नका. दावा लावायची मुदत तीन वर्षांची, पण ती करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून. तारीखच नसेल तर तुम्ही नकार दिल्याचे समोरच्याला कळले तेव्हापासून. बिनतारखेची पावती वर्षानुवर्षे जिवंत राहते ती अशी. आणि तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नाही. करार शेतकऱ्यावर अन्यायाचा दिसला तर तो पुरा करण्याचा हुकूम नाकारायचा अधिकार पूर्वी न्यायाधीशाला होता. २०१८ च्या दुरुस्तीने तो बराच आखडला. कारखानदारीला करार पक्के हवेत म्हणून ही दुरुस्ती झाली. करार पक्के असावेत हे मलाही मान्य आहे. पण एका बाजूला वकील आणि दुसऱ्या बाजूला अंगठा असताना झालेल्या कराराला ते सारखेच लागू पडते.

मुखत्यारपत्राचेही तसेच. 'तहसीलला हेलपाटे नकोत, मला सही करून द्या, मी बघतो' असे म्हणणारा दलाल तुमची सोय पाहत नसतो. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण त्याच मुखत्यारपत्राच्या जोरावर तुमच्या वतीने खरेदीखतावर सही करून जमीन तिसऱ्याच्या नावे जाऊ शकते, आणि मग पुढचे आयुष्य कोर्टाच्या व्हरांड्यात.

मायबहिणींसाठी एक शब्द. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, हजारो कास्तकारांनी घरधनिणीचे नाव सात-बारावर चढवले, तेव्हा शहरातल्या विद्वानांना ते नाटक वाटले होते. आज दलालाला विचारा. सगळ्यात अडचणीचा सात-बारा कोणता, तर ज्यावर बाईचे नाव आहे तो. ती विचारते, "पैसे कधी? चेकने का नाही?" म्हणून आधी तिची सही कुठे घ्यायची याचे बेत होतात. बहिणींचे हक्कसोडपत्र राखीच्या दिवशी साडीवर लिहून घेणारे भाऊही आहेत. त्यांना दलालाविषयी बोलायचा काय अधिकार?

दलालाची ही ताकद येते कुठून? ती येते बाजाराच्या कुंपणातून. आपल्या मालाला खरेदीदार किती, हे सरकार ठरवते. बिगर-शेतकऱ्याने शेतजमीन घ्यायची नाही: पश्चिम महाराष्ट्रात कूळकायद्याचे कलम ६३, विदर्भात १९५८ च्या कायद्याचे कलम ८९, मराठवाड्यात हैदराबाद कायद्याचे कलम ४७. जिराईत वीस गुंठ्यांच्या आतला तुकडा विकायचा नाही, हा १९४७ चा तुकडेबंदी कायदा. पोरीच्या फीसाठी दहा गुंठे विकायचे असतील तर नाही. सिलिंग १९६१ चे. वर्ग-दोनची जमीन असेल तर परवानगी. बिनशेतीचे नियम तर इतक्या वेळा बदलले की आज कोणता चालू आहे ते सांगणाराच साहेब! सरकारने उभे केलेले प्रत्येक कुंपण म्हणजे दलालासाठी एक फाटक. 'शेतकरी असल्याचा दाखला मी आणतो', 'परवानगीचे मी बघतो' ही त्याची वाक्ये ऐका. तो जमीन विकत नाही, तो कायद्यातली वाट विकतो. वाट सरळ झाली की त्याचा भाव उतरेल, परवान्याने उतरणार नाही.

दुसरी ताकद माहितीची. समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरसाठी थेट खरेदीत पाचपट मोबदला ठरला. रेघ कुठून जाणार हे ज्याला आधी कळते तो आधी घेतो, आणि पाचपट त्याच्या घरी जातो. आता वर्धा-यवतमाळच्या कापसाच्या पट्ट्यातून गोव्याच्या हद्दीपर्यंत शक्तिपीठ मार्गाची आखणी पुढे आहे. गावात अनोळखी गाड्या फिरू लागल्या की समजा, नकाशा तुमच्याआधी कोणी पाहिला आहे.

"पण परवाना क्रमांक असला तर निदान तक्रार कोणाविरुद्ध करायची ते तरी कळते," असे आमचे काही वकील मित्र म्हणतात. म्हणणे टाकाऊ नाही. पण रेरात फ्लॅटवाल्याला आधार मिळतो तो एजंटाच्या क्रमांकाचा नाही. नोंदणीकृत करार, दहा टक्क्यांची मर्यादा, वेगळे खाते, व्याजासह परतावा आणि दाद मागायची जागा यांचा तो आधार आहे. मागायचे तर ते मागू. नोंदणीकृत नसलेला इसार शेतकऱ्यावर बंधनकारक नसावा. त्यात खऱ्या खरेदीदाराचे नाव आणि दिनदर्शिकेतली तारीख असावी. तारखेपर्यंत पूर्ण रक्कम आली नाही तर इसार आपोआप संपावा, दावा उरू नये. आणि आपल्या वावराचे गिऱ्हाईक निवडायचा हक्क आपला असावा. यात एकाही नव्या इन्स्पेक्टरची नेमणूक करावी लागत नाही, म्हणूनच सरकारला ते सुचत नाही.

राहिला पोरांचा प्रश्न. परीक्षा द्या, खुशाल द्या. कपाशीने पोट भरत नाही आणि ज्वारी खाणाऱ्याला परवडते, पिकवणाऱ्याला नाही, तेव्हा गावातच राहा असे सांगायचा मला अधिकार नाही. दहा हजारांत पाच वर्षांचा धंदा मिळत असेल तर वाईट नाही. पण एक ध्यानात ठेवा. त्या नोंदणीने तुम्ही प्लॉट विकू शकाल. बापाचे वावर कोणी कसे घेतले, हे त्या परीक्षेत विचारत नाहीत. परीक्षेसाठी करार, सात-बारा, फेरफार शिकाल, तर रविवारी गावच्या पारावर दोन तास बसून तेच मोठ्यांना वाचून दाखवा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शेजारच्या गटांच्या खरेद्यांची सूची-दोन काढता येते, ती काढून द्या. त्यातला भाव बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी लिहिलेला असतो, हेही सांगा. म्हणजे दलाल बारा लाख म्हणतो तेव्हा कागदावरच नऊला झालेले सौदे दिसतील आणि खरा बाजार त्याच्याही वर आहे हे कळेल.

जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्या घरात इसारपावती, साठेखत किंवा मुखत्यारपत्र पडून आहे त्यांनी त्याची झेरॉक्स आणावी. मूळ कागद आणू नये, कोणाच्या हातीही देऊ नये. दुपारच्या सत्रात दोन वकील बसणार आहेत. ज्या पावतीत तारीख नाही ती आधी बघू.